साडेतेरा हजार किलोमीटर म्हणजे किती तास?

अंतर भागिले वेग बरोबर वेळ. हे सूत्र आपण सातवी-आठवीपासून पाठ केलेलं आहे. इंजिनिअरिंगला आल्यावर तर ते सूत्र म्हणून लिहायचीसुद्धा लाज वाटते, इतकं ते सोपं. याच सूत्राने मी एकदा घरच्यांना एक उत्तर दिलं. गणित बरोबर होतं, उत्तर मात्र चुकलं. ते कसं चुकलं हे सांगण्यासाठी हा लेख.

मी मूळचा साताऱ्याचा, शिकायला सांगलीत, हॉस्टेलवर. तिसऱ्या वर्षाला असताना ऑक्टोबर महिन्यात एका मंगळवारी दुपारी घरून फोन आला, "आजी सीरियस आहे, निघ." चारची एसटी पकडली. आष्टा, पेठ नाका, कराड, उंब्रज करत साताऱ्याला पोचेपर्यंत साडेसात होऊन गेले. आजी रात्री दहा वाजता गेली.

माझी चुलतबहीण, जिला आम्ही सगळे ताई म्हणतो, सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहते. तिला आजीनेच लहानाची मोठी केली. तिला फोन झाला, ती "निघते" एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. हॉस्पिटलच्या माणसाने काकांना विचारलं, "शीतगृहात ठेवायचं का घरी नेताय?" काका माझ्याकडे वळले. "अरे, तू इंजिनिअर होणार ना? सांग बरं, ताई किती तासांत पोचेल?"

मी मोबाईलवर अंतर बघितलं. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को सुमारे १३,५०० किलोमीटर. विमानाचा वेग ताशी ९००. म्हणजे पंधरा तास. रात्री दहा अधिक पंधरा, बुधवारी दुपारी एकला मुंबई. तिथून पुढे साडेपाच तास. "काका, उद्या संध्याकाळी सातपर्यंत येईल."

काकांनी लगेच सगळीकडे फोन लावले. उद्या संध्याकाळी सात. "एका दिवसाचाच प्रश्न आहे, घरीच नेऊ" म्हणून आजीला घरी आणलं. पहाटे तीनला ताईचं तिकीट व्हॉट्सॲपवर आलं. मुंबईत उतरणार गुरुवारी सकाळी सात! तोपर्यंत गावोगावचे लोक निघाले होते. बर्फ संपत होता. दुपारी थोरल्या मंडळींनी ठरवलं की आता थांबायचं नाही. बुधवारी संध्याकाळी संगम माहुलीला आजीला अग्नी दिला. ताई घरी आली ती गुरुवारी दुपारी दीडला.

मला कुणीच काही बोललं नाही. पण मी हॉस्टेलवर परत आलो तो हाच हिशेब डोक्यात घेऊन. पंधराचे साडेएकोणचाळीस कसे झाले?

आधी सातारा-सांगली

लांबच्या अंतराकडे जाण्याआधी जवळचं घेऊ. सातारा आणि सांगली यांच्या अक्षांशांत ०.८३ अंशाचा फरक आहे आणि रेखांशांत ०.५६ अंशाचा. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर, त्याला ३६० ने भागलं की एका अंशाला साधारण १११.२ किलोमीटर मिळतात. म्हणजे सांगली साताऱ्याच्या ९२ किलोमीटर दक्षिणेला. रेखांश ध्रुवाकडे एकमेकांजवळ येत जातात, म्हणून त्यांच्या फरकाला अक्षांशाच्या कोसाइनने गुणावं लागतं. ते केलं की सांगली सुमारे ६० किलोमीटर पूर्वेला. आता पायथागोरस लावा. उत्तर ११० किलोमीटर.

हे झालं कावळ्याचं अंतर. रस्त्याने सव्वाशेच्या घरात जातं आणि एसटीला लागतात साडेतीन तास. कृष्णेचं पाणीसुद्धा साताऱ्याहून सांगलीलाच येतं, पण ते वळणं घेत आपल्या मर्जीने येतं. महापुराच्या दिवसांत कोयनेतून पाणी सोडलं की सांगलीत कुणी "किती किलोमीटर?" असं विचारत नाही, "किती तासांत येईल?" असं विचारतात. अंतर एक आणि वेळ दुसरी, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही कळतं. मीच नेमका त्या रात्री विसरलो. तेही साडेतीन तास एसटीत बसून आल्यावर!

पायथागोरस कुठे फसतो

हीच पद्धत मुंबई-सॅन फ्रान्सिस्कोला लावून बघू. मुंबई १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. सॅन फ्रान्सिस्को ३७.६२ उत्तर, १२२.३८ पश्चिम. पूर्वेकडून गेलं तर रेखांशांतला फरक १६४.७५ अंश. पायथागोरसने उत्तर येतं सुमारे १६,२५० किलोमीटर. खरं अंतर १३,५००. पावणेतीन हजार किलोमीटरची चूक!

कारण उघड आहे. पायथागोरस सपाट कागदावर चालतो, पृथ्वी गोल आहे. सातारा-सांगलीत हा गोलपणा जाणवत नाही, तेरा हजार किलोमीटरला जाणवतो. मेसमधलं एक मोसंबं घ्या, दोन टाचण्या टोचा आणि त्यांच्यात दोरा ताणून धरा. दोरा ज्या वाटेने बसतो तो सर्वांत जवळचा मार्ग. तो मार्ग पुढे वाढवत नेला तर मोसंब्याचे बरोबर दोन समान भाग करतो. अशा वर्तुळाला बृहद्वृत्त म्हणतात, इंग्रजीत ग्रेट सर्कल.

ज्यांना गणिताची हौस आहे त्यांच्यासाठी सूत्र असं. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. मग दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांच्या फरकाचा कोसाइन यांचा गुणाकार करा. दोन्हींची बेरीज म्हणजे दोन शहरांमधल्या कोनाचा कोसाइन. आपल्या उदाहरणात ही बेरीज उणे ०.५२२५ येते, म्हणजे कोन १२१.५ अंश. त्याला १११.२ ने गुणलं की १३,५११ किलोमीटर. कॅल्क्युलेटर डिग्री मोडवर आहे ना, एवढं मात्र बघा. रेडियनमध्ये ठेवून मी एकदा अमेरिका भलतीकडेच नेऊन ठेवली होती.

गंमत म्हणजे हा मार्ग मुंबईहून पूर्वेलाही निघत नाही आणि पश्चिमेलाही नाही. तो निघतो जवळजवळ उत्तरेला, फक्त १४ अंश पूर्वेकडे झुकून. लडाखवरून, मध्य आशियावरून, सैबेरियावरून जात तो ७६ अंशांच्याही वर चढतो. आर्क्टिक वृत्त साडेसहासष्ट अंशांवर आहे, म्हणजे त्याच्याही कितीतरी वर. मग अलास्कावरून खाली उतरतो. भिंतीवरच्या नकाशात हे पटत नाही, कारण त्या नकाशात ध्रुवाकडचा भाग रबरासारखा ताणलेला असतो.

सूत्र नको असेल तर एक सोपं उदाहरण देतो. ताई दुबईमार्गे आली. सॅन फ्रान्सिस्को १२२.४ पश्चिम, दुबई ५५.४ पूर्व. बेरीज १७७.८, म्हणजे जवळजवळ १८०. दोन ठिकाणं अशी समोरासमोरच्या रेखांशांवर असली की सर्वांत जवळचा रस्ता सरळ ध्रुवाजवळून जातो. मग त्रिकोणमिती लागतच नाही. सॅन फ्रान्सिस्को ते ध्रुव ५२.४ अंश, ध्रुव ते दुबई ६४.७५ अंश, बेरीज ११७.१५. गुणिले १११.२, म्हणजे सुमारे १३,००० किलोमीटर. तोंडी करता येण्यासारखा हिशेब आहे हा.

दोरा ताणला म्हणून विमान जात नाही

आता दुसरा मुद्दा. दोऱ्याची वाट आणि विमानाची वाट एकच असेल असं नाही.

पहिली अडचण डोंगरांची. विमान तर दहा-अकरा किलोमीटरवरून उडतं, मग हिमालयाचं काय भय? भय याचं की केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला तर विमानाला ताबडतोब तीन किलोमीटर उंचीच्या आसपास उतरावं लागतं. प्रवाशांच्या मास्कमधला प्राणवायू काही मिनिटंच पुरतो. आणि खाली तिबेटचं पठारच साडेचार हजार मीटरवर! उतरणार कुठे? म्हणून अशा भागावरून जाणं विमानं शक्यतो टाळतात, किंवा सुटकेचा मार्ग आधी ठरवून मगच जातात.

दुसरी अडचण माणसांनी तयार केलेली. आकाशालाही कुंपणं असतात. २०१९ मध्ये फेब्रुवारीच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानने आपली हवाई हद्द बंद ठेवली होती आणि दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या विमानांना वळसा पडला. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांसाठी ती पुन्हा बंद झाली. युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर २०२२ मध्ये रशियाची हद्द युरोप-अमेरिकेच्या कंपन्यांना बंद झाली. शहरं जागच्या जागी, अंतर तेवढंच, पण प्रवास लांबला.

तिसरी गोष्ट इंधनाची. लांब पल्ल्याच्या विमानात निघताना वजनाचा मोठा हिस्सा इंधनाचाच असतो आणि त्यातलं बरंचसं इंधन, पुढे लागणारं इंधन वाहून नेण्यातच जळतं. म्हणून वळसा वाढला की कधी माणसं कमी घ्यावी लागतात, कधी वाटेत उतरून टाकी भरावी लागते.

तरी माणूस वाट काढतो. ९ जानेवारी २०२१ ला एअर इंडियाचं विमान सॅन फ्रान्सिस्कोहून थेट बंगळूरला निघालं. सरळ अंतर सुमारे १४,००० किलोमीटर, मार्ग उत्तर ध्रुवावरून, वेळ सुमारे सतरा तास. कॅप्टन झोया अगरवाल आणि कॉकपिटमध्ये सगळ्या महिला वैमानिक. ११ तारखेच्या पहाटे ते बंगळूरला उतरलं.

वारा: नावेचं जुनं गणित

शाळेत नाव आणि प्रवाहाची गणितं सोडवली होती ना? आयर्विन पुलाखालून नाव प्रवाहाबरोबर गेली तर वेग वाढतो, उलटी आली तर कमी होतो. विमानाचं अगदी तसंच. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे असतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. विषुववृत्ताकडची गरम हवा आणि ध्रुवाकडची थंड हवा यांच्या फरकातून आणि पृथ्वीच्या फिरण्यातून ते तयार होतात. ताशी शंभर-दोनशे किलोमीटर हा त्यांचा नेहमीचा वेग, हिवाळ्यात कधी तीनशेच्याही पुढे.

हिशेब करा. अंतर १३,५००, विमान ताशी ९०० चं. वारा नसेल तर पंधरा तास. शंभरचा वारा पाठीमागून असेल तर साडेतेरा तास. तोच वारा समोरून असेल तर जवळजवळ सतरा. जाताना दीड तास वाचला आणि येताना पावणेदोन तासांहून जास्त गेला. म्हणजे जाऊन-येऊन फिटंफाट होत नाही, वारा शेवटी थोडं खातोच. नावेच्या गणितात हेच असायचं, आपण फक्त मार्कांसाठी सोडवत होतो.

इथे आमच्या हॉस्टेलवर एक वाद नेहमी होतो. "पृथ्वी पूर्वेकडे फिरते, मग विमान नुसतं वर जाऊन थांबलं तर अमेरिका आपोआप खाली येईल!" नाही येत, राजा. हवा पृथ्वीबरोबरच फिरते आणि विमान त्या हवेत असतं. धावत्या एसटीत नाणं वर उडवलं तर ते आपल्याच हातात पडतं, मागच्या सीटवरच्या माणसाच्या नाही. फरक पडतो तो पृथ्वीच्या सापेक्ष हवा किती वाहते याचा.

वाऱ्याचं सर्वांत झकास उदाहरण २०१६ चं आहे. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को हे एअर इंडियाचं विमान आधी अटलांटिकवरून, म्हणजे पश्चिमेकडून जायचं. ती वाट सुमारे १३,९०० किलोमीटरची, पण वारा समोरून. १६ ऑक्टोबर २०१६ ला ते पूर्वेकडून पॅसिफिकवरून नेलं. वाट झाली १५,३०० किलोमीटर. चौदाशे किलोमीटर जास्त, आणि तरी ते साडेचौदा तासांत पोचलं, जुन्या वाटेपेक्षा सुमारे दोन तास आधी! लांबचा रस्ता जवळचा ठरला. वर आणखी गंमत म्हणजे रविवारी पहाटे दिल्लीहून निघालेलं विमान रविवारीच सकाळी तिथे उतरलं. वाटेत त्याने आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली होती.

घड्याळाचा घोळ

यावरून घड्याळावर येऊ. शेजारच्या काकू म्हणाल्या, "मंगळवारी निघाली, गुरुवारी पोचली. दोन दिवस विमानात!" तसं नसतं. निघण्याची वेळ तिथल्या घड्याळाची छापतात आणि पोचण्याची इथल्या. दोन घड्याळांतली वजाबाकी म्हणजे प्रवासाचा वेळ नव्हे.

सॅन फ्रान्सिस्को आपल्या साडेतेरा तास मागे असतं. पण मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत तिथे घड्याळ एक तास पुढे करतात, तेव्हा फरक साडेबारा तासांचा. ऑक्टोबर होता, म्हणून साडेबारा. युक्ती एकच, सगळ्या वेळा एकाच घड्याळात आणायच्या. मी ताईच्या सगळ्या वेळा भारतीय वेळेत लिहून काढल्या.

बातमी कळली मंगळवारी रात्री दहाला. तेव्हा तिच्याकडे सकाळचे साडेनऊ. मिळेल ते पहिलं तिकीट रात्री आठचं, म्हणजे आपल्या बुधवारी सकाळी साडेआठचं. तिकीट, बॅग, विमानतळ, रांगा, वाट बघणं, साडेदहा तास इथेच गेले. दुबईपर्यंत साडेपंधरा तास. दुबईत थांबा चार तास. दुबई-मुंबई १,९३० किलोमीटर, तीन तास. मुंबईत पासपोर्टचा शिक्का वगैरे एक तास. गाडीने सातारा साडेपाच तास.

बेरीज साडेएकोणचाळीस. त्यात हवेत किती? साडेअठरा. जमिनीवर एकवीस! सरळ साडेतेरा हजारांऐवजी दुबईमार्गे सुमारे पंधरा हजार किलोमीटर झाले, पण हे जादा अंतर म्हणजे फार तर पावणेदोन तास. खरा वेळ खाल्ला तो थांबण्याने. मी जवळजवळ अर्धा प्रवास हिशेबात धरलाच नव्हता.

थोडं मागे बघू

एप्रिल १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. जवळजवळ दोन महिने. ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला निघालं. १९६० मध्ये बोइंग ७०७ आलं आणि मुंबई-न्यूयॉर्क प्रवास तासांवर आला. आज आपण "पंधरा तास" असं सहज म्हणतो. पण १९६० पासून जेट विमानाचा वेग फारसा वाढलेला नाही, तो आवाजाच्या वेगाच्या थोडा खालीच आहे. वाढला तो एका दमात जाण्याचा पल्ला. म्हणजे तिथेही जे वाचलं ते वाटेतलं थांबणंच.

तर मंडळी

तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं कोणी ना कोणी परदेशात आहे, आणि आणखी दोन-तीन वर्षांत तुमच्यातलेही काही जण जातील. घरात इंजिनिअरिंगचं पोरगं असलं की असा प्रश्न त्यालाच विचारतात. तेव्हा अंतराला वेगाने भागू नका. आधी विचारा, तिकीट कधीचं मिळतंय? थेट आहे की थांबा आहे? वेळ कुठल्या घड्याळातली? विमानतळ ते घर किती? आणि हे हातात येईपर्यंत "अजून सांगता येत नाही" म्हणा. हे वाक्य आपल्याला फार जड जातं, मला तर त्या रात्री सुचलंच नाही.

मी हा सगळा हिशेब नंतर ताईला फोनवर वाचून दाखवला. माफी मागायची होती, ती काही नीट जमली नाही. ती ऐकून घेतल्यावर म्हणाली, "अरे, विमानात समोरच्या स्क्रीनवर सारखं दिसत होतं, किती किलोमीटर राहिले, किती तास राहिले. सात वाजता मी त्याच्याकडेच बघत होते." भारतीय वेळेनुसार संध्याकाळचे सात वाजले तेव्हा तिचं विमान सुटून साडेदहा तास झाले होते. दुबई अजून पाच तासांवर होती.

तिसऱ्या दिवशी सावडायला ती आमच्याबरोबर माहुलीला आली, तेवढं तरी झालं.